जुनी अमेरिकी सोन्याची नाणी (१७९५ ते १८३४): किंमत नक्की कशाची?

डेलावेअरकाठी

नमस्कार मंडळी,

नाणेसंग्रहाच्या विभागात शिवराई, होन, मुघल मोहरा यांच्यावर उत्तम धागे आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना इथल्या प्रदर्शनांत आणि लिलावांत सुरुवातीच्या काळातली अमेरिकी सोन्याची नाणी प्रत्यक्ष बघायला मिळतात, पण त्यांची किंमत कशावर ठरते याबद्दल मराठीत लिहिलेले फार थोडे सापडते. म्हणून हा धागा.

मर्यादा आधीच सांगतो: १७९५ ते १८३४. त्यानंतरची, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची वीस डॉलरची नाणी लाखोंनी उरली आहेत आणि त्यातली बहुतेक सोन्याच्या भावाबरोबर वरखाली होतात. १८३४च्या आधीच्या नाण्यांचे गणित निराळे आहे. ते समजल्याशिवाय खिशात हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२ एप्रिल १७९२ला काँग्रेसने टांकसाळीचा कायदा केला. दहा डॉलरचे ईगल, पाचचे हाफ ईगल, अडीचचे क्वार्टर ईगल. तिन्हींचा कस बावीस कॅरट. हाफ ईगलचे वजन १३५ ग्रेन, म्हणजे ८.७५ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध सोने ८ ग्रॅमच्या किंचित वर. कायदा झाला तरी सोन्याचे पहिले नाणे पडायला तीन वर्षे गेली. सोने-चांदी हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी दहा-दहा हजार डॉलरचा जामीन द्यावा अशी अट होती, आणि एवढी रक्कम मुख्य नाणेकार हेन्री वॉइट यांच्या आवाक्याबाहेरची होती. १७९४मध्ये काँग्रेसने जामीन कमी केला, तेव्हा वाट मोकळी झाली. ३१ जुलै १७९५ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून पहिली ७४४ हाफ ईगल सुपूर्द झाली. ईगल त्याच वर्षी, क्वार्टर ईगल १७९६मध्ये.

सरकारकडे स्वतःचे सोने नव्हते. व्यापारी आणि बँका आपले सोने, बरेचदा परदेशी नाणी, आणून देत आणि टांकसाळ त्याची नाणी पाडून देई. ठसे रॉबर्ट स्कॉट यांनी कोरले: पुढे टोपी घातलेली लिबर्टी, मागे चोचीत पुष्पचक्र धरलेला छोटा गरुड. किती डॉलरचे नाणे हे त्यावर कुठेही लिहिलेले नाही! हाफ ईगलवर '५ डी.' अशी अक्षरे १८०७मध्ये आली. तोपर्यंत सोन्याचे नाणे वजनावर आणि कसावर ओळखायचे, हाच व्यवहार होता. पुढच्या बाजूचे तारे बघत गेलात तर देशाचा इतिहास दिसतो. १७९५च्या हाफ ईगलवर पंधरा तारे, कारण तेव्हा राज्ये पंधरा. १७९६मध्ये टेनेसी आले आणि काही नाण्यांवर सोळा झाले. राज्यागणिक तारा वाढवत गेलो तर जागा पुरणार नाही हे लक्षात आले आणि मूळ तेरांवर परतले.

आता मुख्य मुद्दा, वितळण्याचा.

कायद्याने सोन्या-चांदीचे प्रमाण १ ला १५ धरले होते. युरोपात सोने त्याहून महाग. फ्रान्सने तर १८०३मध्ये १ ला साडेपंधरा हे प्रमाण कायद्यानेच ठरवले. म्हणजे अमेरिकेत पंधरा भार चांदी देऊन एक भार सोने उचलायचे आणि अटलांटिक ओलांडून त्याची साडेपंधरा भार चांदी करायची. व्यापाऱ्यांनी ते केलेच. ईगल न्यायला सर्वांत सोयीचे, म्हणून ते भराभर बाहेर गेले. १८०४नंतर ते पाडणेच थांबवले आणि थेट १८३८ला पुन्हा सुरू केले. मग पाळी आली हाफ ईगलची. १८२१मध्ये इंग्लंडने नोटांच्या बदल्यात पुन्हा सोने द्यायला सुरुवात केली तशी मागणी आणखी चढली. १८२०च्या दशकातले हाफ ईगल बाजारात फिरलेच नाही म्हटले तरी चालेल. टांकसाळीतून बँकेत, बँकेतून जहाजावर, जहाजावरून युरोपातल्या मुशीत.

शेवटचा घाव १८३४चा. काँग्रेसने हाफ ईगलचे वजन १३५वरून १२९ ग्रेनवर आणले आणि कसही थोडा उतरवला. जुन्या नाण्यात आता नव्यापेक्षा साडेसहा टक्क्यांहून जास्त सोने झाले. जुने पाच डॉलरचे नाणे धातू म्हणून विकले की पाच डॉलर तेहतीस सेंटच्या आसपास मिळत. तिजोऱ्यांत जे काही उरले होते, त्यातलेही बरेच मग वितळले.

म्हणून या काळातल्या नाण्याबद्दल 'किती पाडली' हा आकडा विचारून फारसे काही हाती लागत नाही. १८१३ची हाफ ईगल पाडली ९५,४२८ आणि आज मोठ्या लिलावांत ती वरचेवर दिसतात. १८२०ची पाडली २,६३,८०६, म्हणजे पावणेतीन पट, आणि ते नाणे आले की जाणकार सावरून बसतात. १८२२ची १७,७९६ पाडल्याची नोंद आहे. आज जगात माहीत असलेली फक्त तीन. त्यातली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात, म्हणजे बाजारात कधीच येणार नाहीत. तिसरे लुई एलियासबर्ग यांच्या संग्रहात होते. १९८२च्या लिलावात ते ६,८७,५०० डॉलरला पोग संग्रहात गेले आणि मार्च २०२१मध्ये ८४ लाख डॉलरला विकले गेले.

म्हणजे पहिला प्रश्न 'उरली किती'. दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते त्याहून मोठा: जे उरले ते दोनशे वर्षांत कुणी घासले, धुतले, जोडले का? याच प्रश्नापायी हा धागा काढतोय. नुकतीच एका प्रदर्शनात १८०७ची दोन हाफ ईगल शेजारी शेजारी पाहिली. दोन्ही जॉन राइख यांच्या नव्या ठशाची, लिबर्टीचे तोंड डावीकडे. एकाच्या स्लॅबवर (प्रतवारी करून नाणे ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत ठेवतात ती) एयू-५८, म्हणजे जवळजवळ न झिजलेले, लखलखीत पिवळे. दुसऱ्यावर एक्सएफ-४५, झीज जास्त, पण अक्षरांच्या खाचांत आणि ताऱ्यांभोवती तांबूस-नारिंगी छटा तशीच टिकलेली. किमतीत मोठा फरक. मला दुसरे उजवे वाटते. पहिल्यावर दिवा तिरका धरला की एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसत होत्या, म्हणजे केव्हातरी कुणीतरी फडक्याने पुसलेले.

तुमचे काय मत?

जुना_पैका

फार दिवसांनी या विषयावर नीट लिहिलेले वाचले, आभार.

तुमचे निरीक्षण बरोबर असेल तर मीही एक्सएफ-४५ घेईन. सोन्याच्या नाण्याची मूळ कातडी एकदा गेली की गेली. चांदीवर काळानुसार नवी छटा चढते, सोन्यावर सहसा नाही. त्या तांबूस छटेचे कारण धातूतच आहे. १७९२च्या कायद्यात सोन्यात तांबे आणि चांदी दोन्ही मिसळायची होती, चांदी भेसळीच्या निम्म्याहून जास्त नाही. ते तांबे पृष्ठभागावर हळूहळू रंग धरते. कुणी आम्लात बुडवून काढले की छटा आणि वरचा अगदी पातळ थर दोन्ही जातात.

पण रेघांबद्दल एक भर घालतो, कारण नवीन माणूस इथेच फसतो. दोन प्रकारच्या रेघा असतात. पुसल्याच्या रेघा केसासारख्या बारीक आणि उंच-सखल सगळीकडून जाणाऱ्या. दुसऱ्या टांकसाळीच्याच: कोरी चकती कायद्याच्या वजनापेक्षा भारी भरली तर ठसा मारण्याआधी ती कानशीने घासून वजनात आणत. त्यावर मग ठसा पडे. जिथे धातू ठशात पूर्ण भरला तिथे कानशीच्या खुणा दबून गेल्या, जिथे दाब कमी पडला तिथे, म्हणजे बरेचदा मधोमध किंवा कडेच्या दातांवर (काठालगतच्या दात्यांसारख्या नक्षीवर), त्या राहिल्या. या रेघा जाड, समांतर असतात आणि ठशाच्या खाली असतात, वर नाही. १७९५ ते १८०७ या काळात त्या खूप दिसतात. त्यांना इजा मानत नाहीत. लिबर्टीच्या चेहऱ्यावरून गेल्या असतील तर दिसायला वाईट म्हणून भाव उतरतो, तेवढेच.

भिंगातून बघताना स्वतःला एकच विचारायचे: ही रेघ ठशाच्या आधीची की नंतरची?

कसोटी

आमची कोल्हापुरात गुजरीत पेढी आहे, तीन पिढ्यांची. अमेरिकी नाणी आमच्याकडे क्वचित येतात, पण 'जोडलेले नाणे' हा प्रकार आमच्या रोजच्या पाहण्यातला, म्हणून लिहितो.

ज्या सोन्याच्या नाण्याला कुणी कधी कडी लावली, ते संग्राहकाच्या दृष्टीने निम्मे गेले. जुन्या पुतळीहारांत व्हेनिसची अस्सल डुकॅट असायची, एकेक चारशे-पाचशे वर्षांची, पण डाखामुळे आज ती फक्त सोन्याच्या भावाची. अमेरिकेतही त्या काळी नाण्यांची लॉकेटे आणि कफाची बटणे करत असणारच.

कडी काढून जागा घासून नाणे विकायला आणतात. ओळखायचे कसे? वरच्या किंवा खालच्या टोकाला कडेच्या दातांची लय बघा. दोन-तीन दात बाकीच्यांपेक्षा गोलसर, किंवा एखाद्या ठिकाणी कड किंचित चपटी. डाखाचे सोने कमी कसाचे असते, त्यामुळे तिथला पिवळा रंग बदलतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी धरून बघा, ट्यूबलाइटखाली कळत नाही. मागच्या बाजूला मैदानावर, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट जागेवर, बोटभर जागा जास्त गुळगुळीत दिसली तर तिथे भर घातलेली असण्याची दाट शक्यता.

खरेखोटेपणासाठी पाण्यातले वजन आम्ही अजून करतो. चोवीस कॅरट सोन्याची घनता १९.३. बावीस कॅरट, तांबे-चांदी मिसळलेले, १७.५ ते १८च्या दरम्यान यायला हवे. हाफ ईगल ८.७५ ग्रॅम, झिजलेले असेल तर थोडे कमी चालेल, जास्त मुळीच चालणार नाही. हे स्लॅबमधल्या नाण्यावर करता येत नाही, सुट्या नाण्यावरच.

जुना_पैका

कसोटीदादा, फार उपयोगी. एवढेच जोडतो की वजन आणि घनता बरोबर आली म्हणजे नाणे अस्सल ठरले, असे नाही. हजारो डॉलरच्या नाण्याची नक्कल करणारा बावीस कॅरट सोने वापरायला कचरत नाही, आठ ग्रॅम सोन्याचा खर्च त्याला परवडतो.

तिथे ठशांची ओळख कामाला येते. त्या काळी प्रत्येक ठसा हाताने पुरा करत. तारे, आकडे, अक्षरे एकेक करून ठोकत. त्यामुळे प्रत्येक ठशात ताऱ्यांची जागा, सालाच्या आकड्यांमधले अंतर वेगळे. या सोन्याच्या नाण्यांच्या माहीत असलेल्या सगळ्या ठसाजोड्यांची (कुठला पुढचा ठसा कुठल्या मागच्या ठशाबरोबर वापरला त्याची) यादी झालेली आहे. हॅरी बास यांच्या संग्रहाच्या आधारे जॉन डॅनरॉयथर यांनी ती केली, म्हणून लिलावाच्या वर्णनात 'बीडी-१', 'बीडी-४' असे क्रमांक दिसतात. समोरचे नाणे कुठल्याच जोडीशी जुळत नसेल तर दहापैकी नऊ वेळा ते खोटे. शेवटचा तारा कुठल्या अक्षराच्या किती जवळ आहे, गरुडाची चोच कुठल्या अक्षराखाली येते, एवढे बघायला जमले तरी पुष्कळ.

सोबत दुर्मिळतेची श्रेणी असते. आर-५ म्हणजे साधारण ३१ ते ७५ नाणी माहीत, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२. पण लक्षात ठेवा, ही ठशाच्या प्रकाराची दुर्मिळता. एखादा प्रकार आर-७ असला तरी त्याच सालाचे दुसऱ्या ठशाचे नाणे मुबलक असेल, तर फार थोडेच लोक त्यासाठी वेगळी किंमत मोजतात. विक्रेते 'जगात फक्त दहा' म्हणतात तेव्हा 'कशाची दहा?' हे विचारावे.

आकडेमोड

वेगळा सूर लावतो.

डेलावेअरकाठी, तुमचे सौंदर्याचे म्हणणे पटते, पण उद्या विकायची वेळ आली तर? गिऱ्हाईक स्लॅबवरचा आकडा वाचते. एयू-५८चा भाव एयू-५८चाच मिळतो. तुमच्या एक्सएफ-४५वर तुम्ही आज वाढीव पैसे द्याल, ते परत मिळतीलच याची खात्री कोण देणार?

आणि १८२२च्या नाण्याचे उदाहरण सगळीकडे देतात म्हणून हिशोब मांडला. ६,८७,५०० डॉलरचे ८४ लाख, ३९ वर्षांत. बारा पटींहून जास्त, ऐकायला डोळे दिपतात. चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेसहा टक्के. त्यातून विमा, तिजोरी आणि लिलावगृहाचे कमिशन जायचे. त्या ८४ लाखांत खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेला हिस्साही धरलेला आहे, तो विकणाऱ्याच्या हाती येत नाही. शिवाय २०१६मध्ये हेच नाणे लिलावात आले होते आणि मालकाला हवी तेवढी बोली न लागल्याने विकलेच गेले नाही. जगातल्या सर्वांत दुर्मिळ नाण्यांपैकी एकाची ही गत, तर तुमच्या-माझ्या १८०७ला घाईच्या वेळी गिऱ्हाईक मिळेल का?

संग्रह करा, पण गुंतवणूक म्हणू नका.

डेलावेअरकाठी

आकडेमोड, हिशोब अगदी योग्य मांडलात. 'गुंतवणूक' हा शब्द मीही वापरणार नाही. मुलांच्या शिक्षणाचे पैसे इथे टाकू नयेत.

पण स्लॅबवरच्या आकड्याबद्दल असहमत आहे. प्रतवारीची १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती. नाण्यांची प्रतवारी करून ती स्लॅबमध्ये बंद करणाऱ्या दोन संस्था, पीसीजीएस १९८६मध्ये आणि एनजीसी १९८७मध्ये आली, तेव्हापासून सगळी नाणी त्यावर मोजतात. हा आकडा मुख्यतः झीज सांगतो. पृष्ठभाग मूळचा आहे का, हे त्यात पुरेसे उतरत नाही. अगदी उघड घासलेले असेल तर नाण्याला आकडाच मिळत नाही, 'डिटेल्स' असा शेरा मिळतो. पण हलके पुसलेले नाणे सरळ आकडा मिळवून जाते. या कालखंडात अशी नाणी भरपूर आहेत. म्हणूनच २००७पासून सीएसी ही संस्था स्लॅबमधली नाणी पुन्हा तपासते आणि पसंत पडलेल्यांवर हिरवे स्टिकर लावते. त्या स्टिकरला जास्त पैसे मिळतात, याचा अर्थ बाजारही दोन एयू-५८ सारखी मानत नाही.

पीसीजीएसच्या संकेतस्थळावर जुन्या लिलावांच्या किमती छायाचित्रांसह फुकट बघता येतात. एकाच सालाच्या, एकाच आकड्याच्या नाण्यांच्या किमती शेजारी मांडा. दीडपट फरक सहज दिसतो, आणि छायाचित्र मोठे करून बघितले की त्याचे कारण बहुतेक वेळा नाण्याच्या कातडीवरच सापडते.

आणि हो, 'या प्रतीची इतकी नाणी' असा जो तक्ता या संस्था देतात, तो नाण्यांचा नसून किती वेळा प्रतवारी झाली त्याचा आहे. लोक चांगल्या आकड्याच्या आशेने स्लॅब फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात. स्लॅबमधली जुनी चिठ्ठी संस्थेला परत केली नाही तर एकच नाणे तीनदा मोजले जाते.

जुना_पैका

याला जोडून: झिजेचा आकडा कुठल्या दशकाच्या नाण्यावर आहे तेही बघा. १७९५ ते १८०७ची नाणी खरोखर व्यवहारात फिरली, म्हणून एक्सएफ, एयू नेहमीचे. १८२०च्या दशकातली फिरलीच नाहीत. वितळण्यातून जी थोडी सुटली ती बहुधा कुणा संग्राहकाने किंवा टांकसाळीतल्याच माणसाने बाजूला काढलेली, त्यामुळे संख्येने अगदी कमी पण बरीच चांगल्या प्रतीची. मुख्य नाणेकार ॲडम एकफेल्ट यांनी अशी नाणी जपून ठेवायची सवय लावली. त्यातून १८३८मध्ये टांकसाळीचे संग्रहालय उभे राहिले आणि १९२३मध्ये तो संग्रह स्मिथसोनियनकडे गेला. १८२२च्या दोनपैकी एक त्यातलेच. दुसरे औषध कंपनीवाल्या जोसाया लिली यांच्या संग्रहातून आले.

आणखी एक. टांकसाळीचा वार्षिक आकडा म्हणजे त्या वर्षी सुपूर्द केलेली नाणी, त्या सालाची नाणी नव्हेत. पोलाद महाग, ठसे लवकर तडकत, त्यामुळे चांगला ठसा साल उलटले तरी वापरत. त्यात फिलाडेल्फियात पिवळ्या तापाच्या साथी. १७९७, १७९८, १७९९ या तिन्ही वर्षी साथीमुळे टांकसाळ काही काळ बंद पडली. १७९५ साल असलेली पण मागे मोठा, ढालवाला गरुड असलेली काही हाफ ईगल आहेत. तो गरुड १७९५मध्ये अस्तित्वातच नव्हता! १७९७-९८च्या सुमारास जुन्या सालाचा उरलेला ठसा नव्या मागच्या ठशाशी जोडून ती पाडली. अशा नाण्याचा 'टांकसाळीचा आकडा' कुठल्या वर्षाच्या रकान्यात शोधणार?

बंदरवाला

मी जहाजांच्या इतिहासाचा माणूस, नाण्यांचा नाही, पण इथे मुंबईचा एक धागा सापडतो म्हणून लिहितो.

वर आले की १८०४नंतर ईगल पाडणे थांबवले. तरीही १८०४ सालाची काही ईगल १८३४मध्ये पाडली गेली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे दूत एडमंड रॉबर्ट्स पूर्वेकडच्या राजांशी व्यापारी करार करत होते आणि भेट म्हणून अमेरिकेच्या सगळ्या नाण्यांचे संच न्यायचे ठरले. चांदीचा डॉलर आणि सोन्याचे ईगल तेव्हा चालू नव्हते, दोन्हींच्या शेवटच्या नोंदी १८०४च्या, म्हणून तेच साल घालून खास नाणी तयार केली.

'पीकॉक' जहाज ते संच घेऊन १८३५मध्ये निघाले. सप्टेंबरात ओमानच्या किनाऱ्याजवळ मसिरा बेटापाशी रुतले; तोफा समुद्रात टाकून ते हलके करावे लागले. मस्कतच्या सुलतानाचा संच मस्कतला दिला आणि जहाज दुरुस्तीला कुठे आले, तर मुंबईच्या गोदीत! १८३५चा ऑक्टोबर-नोव्हेंबर ते इथेच होते. पुढे कोलंबो, बटाविया करत ते सयामला (आजचे थायलंड) पोहोचले आणि एप्रिल १८३६मध्ये राजाला त्याचा संच मिळाला. म्हणजे सयामचा संच, त्यातल्या १८०४च्या डॉलर आणि ईगलसकट, त्या दिवसांत मुंबई बंदरात होता. पुढे रॉबर्ट्स मकावला वारले. कोचीन-चीन (आजचे व्हिएतनाम) आणि जपानसाठीचे संच द्यायचे राहूनच गेले.

जुना_पैका

अप्रतिम! मुंबईचा भाग मला ठाऊक नव्हता. नाणेवाल्यांच्या बाजूने एवढेच: ही १८३४ची ईगल ओळखायची खूण सालातल्या ४मध्ये आहे. खऱ्या १८०४च्या नाण्यात आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी रेघ आहे, या खास नाण्यांत ४ साधा. आज माहीत असलेली तीन-चारच. सयामचा संच १९६२मध्ये उजेडात आला, तोपर्यंत या नाण्यांवर नुसते तर्क चालले होते.

मुळामुठा

एक व्यवहारातला प्रश्न. भाऊ न्यू जर्सीत आहे. त्याच्याकडून असे एखादे नाणे पुण्याला आणवून घेतले तर?

कसोटी

मुळामुठा, आणताना सीमाशुल्काचे नियम आहेतच, ते त्या वेळचे काय आहेत हे जाणकाराला विचारून घ्या. त्याहून मोठी गोष्ट परत नेण्याची. आपल्याकडचा १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला पुरावस्तू मानतो, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. १८०७चे नाणे इथे आणले आणि उद्या अमेरिकेच्या लिलावात विकायचे ठरवले तर अडचण होईल. या नाण्यांचा बाजार तिकडेच आहे. भावालाच तिथल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू द्या.

सोनचाफा

सगळा धागा वाचून काढला. मी ह्यूस्टनला असते. या छंदात अगदी नवी, बजेटही बेताचे. जुन्या हाफ ईगलचे भाव बघून छाती दडपली. त्या काळाचा स्पर्श असलेले पण आवाक्यातले काही असते का?

डेलावेअरकाठी

सोनचाफाताई, नक्की असते. १८३४च्या वजन घटवलेल्या कायद्यानंतरची हाफ ईगल बघा. ऑगस्ट १८३४पासून ती निघाली, ठसा विल्यम नीस यांचा, कपाळावर 'लिबर्टी' लिहिलेली पट्टी. गरुडाच्या वरचे लॅटिन ब्रीदवाक्य मुद्दाम काढून टाकले, म्हणजे जुने जड नाणे आणि नवे हलके नाणे नजरेने वेगळे कळावे. त्यात वितळवून फायदा नव्हता, म्हणून ती टिकली आणि लोकांच्या हातात फिरली. १८३८पर्यंतची ही नाणी १८३४पूर्वीच्या नाण्यांच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतात आणि हाताने ठसे कोरण्याच्या काळातलीच आहेत.

घाई करू नका. आधी काही महिने नुसती प्रदर्शने बघा, विक्रेत्याला विचारून नाणे दिव्याखाली फिरवून बघा. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. डोळा बसला की एकच, पण मूळ छटेचे घ्या, एक्सएफ-४०च्या आसपासचे.

माझ्या १८०७बद्दल: एक्सएफ-४५चाच विचार पक्का होतोय. विक्रेत्याने मागितलेली किंमत गेल्या दोन वर्षांतल्या लिलावांशी ताडून बघतो आणि बीडी क्रमांक लावून इथे छायाचित्र टाकतो.

जुना_पैका

छायाचित्राची वाट बघतो. दोन काढा, एक समोरून आणि एक दिवा अगदी कलता ठेवून.

सोनचाफाताई, १८३४चे घेताना त्यातही ४ बघाच. आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी रेघ असलेला ४ या ठशातही आहे आणि साध्या ४पेक्षा तो बराच दुर्मिळ. सगळ्या विक्रेत्यांचे तिकडे लक्ष असतेच असे नाही. साध्याच्या भावात दिसला आणि पृष्ठभाग स्वच्छ असला, तर आधी घ्या आणि मग इथे येऊन सांगा.